नखे कुरतडणारा, पाय हलवणारा, बोटे मोडणारा: चाळ्यांवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो का?

रोखपाल (धागाकर्ता)

नमस्कार. सोलापुरातील एका पतसंस्थेत मी गेली १९ वर्षे रोखपाल आहे. गेल्या महिन्यात संस्थेने आम्हा कर्मचाऱ्यांसाठी होटगी रस्त्यावरच्या एका सभागृहात व्यक्तिमत्त्व विकासाचे एक दिवसाचे शिबिर भरवले होते. सकाळच्या सत्रात प्रशिक्षकांनी काहीही न सांगता आम्हाला सुमारे अर्धा तास नुसते बसवून ठेवले, मोबाइल आधीच जमा करून घेतले होते, आणि त्या अर्ध्या तासात कोण काय करतो याची टिपणे त्यांचा सहायक मागच्या भिंतीपाशी उभा राहून घेत होता. नंतर फळ्यावर चार चौकटी आखल्या गेल्या. नखे किंवा कातडे कुरतडणारा तो परिपूर्णतेचा अट्टहास असलेला आणि ताण न पेलणारा, पाय हलवणारा तो उतावळा, बोटे मोडणारा तो राग दाबून ठेवणारा, केस किंवा मिशी पिळणारा तो आत्ममग्न, असा त्यांचा हिशेब होता.

मी पहिल्या चौकटीत गेलो. माझा चाळा असा आहे की उजव्या तर्जनीच्या नखाने डाव्या अंगठ्याच्या कडेचे कातडे खरवडायचे आणि एखादे सालपट उभे राहिले की ते चिमटीत धरून ओढायचे. नोटा मोजताना स्पंजच्या डबीत बोट बुडवले की ती जागा झोंबते, आणि वर्षातून दोनतीनदा तरी एखाद्या पुडक्याच्या कागदी पट्टीवर रक्ताचा बारीक ठिपका उमटतो. तो दिसला की मी मुकाट्याने पट्टी बदलतो.

इथवर हसण्यावारी नेण्यासारखे होते. परंतु शिबिरानंतर प्रत्येकाच्या नावाचा एक कागद तयार होऊन तो आमच्या सेवापुस्तकाच्या फायलीत लावण्यात आला, आणि माझ्या कागदावर 'रोखीच्या कामापेक्षा नोंदींच्या कामास अधिक योग्य' असा शेरा आहे. १९ वर्षांत माझ्या रोखीत फरक आला नाही असे नाही, पण आलेला फरक त्याच दिवशी सापडला नाही असे बहुधा एकदाच घडले आहे. म्हणून येथील जाणकारांना विचारतो की चाळे आणि स्वभावाचे प्रकार यांचा असा काही संबंध खरोखर सिद्ध झालेला आहे का, की कुंडलीऐवजी आता हे एक नवे पत्रक हाती आले आहे?

शेंगाचटणी

जाणकार येतील तेव्हा येतील, तोवर माझ्या घरातला एक प्रसंग सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीला पाहण्यासाठी पाहुणे आले होते. बैठक संपल्यावर मध्यस्थामार्फत निरोप आला की मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, परंतु बसल्या जागी तिचा पाय सारखा हलत होता, तेव्हा ती चंचल असणार आणि घरात टिकून राहणार नाही. आमच्या आजीला याचे नवल वाटले नाही, कारण पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते असे तीच आम्हाला लहानपणापासून बजावत आली होती.

मला खटकले ते निराळेच. त्याच बैठकीत मुलाचे काका पोहे येण्यापासून चहाच्या कपबशा आत जाईपर्यंत मिशीला पीळ देत होते, आणि त्यावरून त्यांच्या स्वभावाची चौकशी कोणीही केली नाही. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांत ज्याचे पारडे खाली असते, त्याच्याच हातापायांचे अर्थ लावले जातात असे दिसते. रोखपाल साहेब, तुमचे प्रशिक्षक स्वतः काय चाळा करत होते, हे आठवते का?

रोखपाल

आठवते. ते संपूर्ण दिवसभर पेनाचे बटण दाबत होते. चार चौकटींत पेन नव्हते.

निवृत्त प्राध्यापिका

मी याच शहरात अनेक वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पहिल्यांदा शब्दांचा घोळ दूर करू. मराठीत आपल्याकडे लकब, खोड, सवय आणि चाळा असे चार शब्द आहेत आणि ते एकच नव्हेत. बोलताना मान कलती करणे ही लकब, तिच्यात अस्वस्थता असेलच असे नाही. चाळा म्हणजे हेतूविना, बहुधा नकळत आणि पुन्हा पुन्हा होणारी हालचाल. त्यातही पाय हलवणे किंवा पेन वाजवणे हे एक झाले, आणि नखे, कातडे, केस यांवर स्वतःचेच बोट चालवणे हे दुसरे. या दुसऱ्या गटाकडे वैद्यकाने फार पूर्वी लक्ष दिले. केस उपटण्याच्या विकाराला फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ फ्रान्स्वा हालोपो यांनी १८८९ मध्ये 'ट्रायकोटिलोमेनिया' हे नाव दिले. कातडे खरवडण्याच्या विकाराला मात्र अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळायला २०१३ साल उजाडले. या दोन्ही ठिकाणी निकष स्वभावाचा नाही. माणूस ते थांबवण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो का, आणि त्यामुळे त्याला त्रास होतो किंवा त्याची कामे अडतात का, एवढेच विचारले जाते.

आता मूळ प्रश्न. धागाकर्त्यांच्या प्रशिक्षकांचे विधान अगदीच हवेतून आलेले नाही. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाशी संबंधित कीरन ओकॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे चाळे असलेले २४ आणि नसलेले २४ असे ४८ लोक होते. त्यांना चार वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवले गेले. ताणासाठी विमान अपघाताचे चित्रण दाखवले, विसाव्यासाठी समुद्राच्या लाटा दाखवल्या, वैताग यावा म्हणून एक अवघड कोडे 'हे सोपे आहे' असे सांगून सोडवायला दिले, आणि कंटाळा यावा म्हणून खोलीत काही मिनिटे एकटे बसवून ठेवले. चाळे असलेल्या लोकांत कातडे-केसांवर हात नेण्याची ओढ विसाव्यापेक्षा कंटाळ्यात आणि वैतागात अधिक आढळली. ओकॉनर यांचे म्हणणे असे की या लोकांत कामाची आखणी अति करण्याची, स्वस्थ न बसता येण्याची आणि काम मनाच्या वेगाने पुढे गेले नाही की चिडण्याची प्रवृत्ती असते. वर्तमानपत्रांनी यातले फक्त 'नखे कुरतडणारे परिपूर्णतावादी असतात' एवढेच उचलले आणि ते वाक्य फिरत फिरत आपल्या होटगी रस्त्यावर पोहोचले.

परंतु त्या प्रयोगातली बोलकी गोष्ट परिस्थितीची आहे. तीच माणसे, तीच बोटे, आणि लाटा पाहताना ओढ कमी. तुमच्या प्रशिक्षकांनी मोबाइल काढून घेऊन तुम्हाला अर्धा तास रिकामे बसवले, तेव्हा नकळत त्यांनी या प्रयोगातली कंटाळ्याची खोलीच उभी केली, आणि तिच्यात जे दिसले ते माणसाच्या खाती मांडले. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' असे आपण म्हणतो, पण त्यावरून त्या न्हाव्याचा स्वभाव ठरवत नाही. गिऱ्हाईक नाही एवढेच समजतो.

एका प्रसंगातल्या वागण्यावरून स्वभाव किंवा स्वभावावरून एका प्रसंगातले वागणे किती सांगता येते, याची झाडाझडती मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये घेतली होती. स्वभावाच्या मोजमापाचा आणि एखाद्या ठिकाणच्या प्रत्यक्ष वर्तनाचा सहसंबंध (० म्हणजे काहीच जुळत नाही, १ म्हणजे पूर्ण जुळते) क्वचितच ०.३० च्या वर जातो, असे त्यांनी दाखवले. ०.३० चा वर्ग केला की ०.०९ येतो, म्हणजे माणसामाणसांच्या वागण्यातील फरकाचा जेमतेम ९ टक्के भाग. एवढ्या भांडवलावर सेवापुस्तकात शेरा मारणे धाडसाचे आहे.

तर्कट

मॅडमशी सहमत, आणि 'प्रकार' या शब्दाविरुद्ध माझी जुनी तक्रार येथे नोंदवतो.

बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांच्या हाती एकच मजकूर होता आणि तो त्याने ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलला होता. हा वृत्तांत १९४९ मध्ये छापून आला. 'बाहेरून शिस्तीचे दिसता, पण आतून चिंता करता' हे वाक्य पार्क चौकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही सांगा, दहातले नऊ जण थांबून विचारतील की तुम्हाला कसे कळले.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील फ्रीडमन आणि रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात 'अ प्रकारचे' व्यक्तिमत्त्व मांडले. त्याची एक कथा सांगितली जाते की त्यांच्या दवाखान्यातील खुर्च्या दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या लक्षात आले की बैठकीच्या पुढच्या कडा आणि हातांच्या टोकांवरचे कापडच तेवढे झिजले आहे. म्हणजे रुग्ण टेकून बसतच नाहीत, कडेवर बसून चुळबुळ करत राहतात. यातून उतावळा, घड्याळाच्या मागे धावणारा तो 'अ', आणि त्याला हृदयविकाराचा धोका जास्त, असा सिद्धांत उभा राहिला. पुढच्या मोठ्या पाहण्यांत तो सबंध प्रकार काही टिकला नाही, त्यातला सतत खदखदणारा वैरभाव एवढाच भाग थोडाफार उरला. या संशोधनाला तंबाखू कंपन्यांचे पैसे मिळत होते, हेही नंतर त्यांच्याच कागदपत्रांतून बाहेर आले. हृदय बिघडले ते स्वभावामुळे असे ठरले की सिगारेट सुटते, हा त्यातला मतलब. विड्यांच्या गावात बसून हे वाचताना मला आपल्या रोखपालांची फाइल आठवली. दोष माणसाच्या प्रकारावर गेला की खिडकीवर गर्दी किती, संगणक किती वेळ अडतो, माणसे किती कमी, हे विचारावे लागत नाही.

अवांतर: डॉक्टरच्या दवाखान्यात थांबलेला कोणता रुग्ण खुर्चीत आरामात टेकून बसतो?

पंचकर्म

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे. वरील दोन्ही प्रतिसादांत स्वभावाच्या प्रकारांना सरसकट मोडीत काढले गेले आहे, त्यास माझी नम्र हरकत आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वातप्रकृतीच्या माणसाचे वर्णन करताना त्याचे सांधे, डोळे, भुवया, हनुवटी, ओठ, जीभ, डोके, खांदे, हात आणि पाय 'अनवस्थित', म्हणजे एका जागी न ठरणारे असतात असे स्पष्ट म्हटले आहे. पाय हलवणे आणि ओठ चावणे यांची इतकी बारकाईची यादी इतक्या जुन्या ग्रंथात आहे. रुग्णाची प्रकृती पाहताना त्याचा हात स्वस्थ आहे की नाही हे मी आजही पाहतो.

मात्र प्रशिक्षकांच्या चौकटींत आणि यात एक महत्त्वाचा फरक आहे. हातापायांची अस्थिरता वाताच्या 'चल' या गुणातून येते, आणि लवकर घाबरणे, लवकर आवडणे, लवकर नावडणे हे त्याच्या 'शीघ्र' या गुणातून येते, अशी चरकांची मांडणी आहे. पाय हलतो म्हणून माणूस भित्रा, असे ते म्हणत नाहीत. शिवाय प्रकृती बहुधा मिश्र असते, आणि ऋतू, आहार, जागरण यांनी वात वाढतो तो कोणाचाही वाढतो.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला आचार सांगताना ढेकळे कुस्करणारा, गवताच्या काड्या तोडणारा आणि नखे खाणारा अशा तिघांची एकत्र नावे घेतात आणि असा माणूस दीर्घायुषी होत नाही असे बजावतात. बसल्या बसल्या काडी मोडत राहण्याचा चाळा किती जुना आहे ते यावरून दिसते.

निवृत्त प्राध्यापिका

वैद्यराजांचा प्रतिसाद मला आवडला. त्यांच्या म्हणण्यातला गाभा आजच्या मानसशास्त्राच्या जवळ येतो, फक्त आम्ही 'प्रकार' हा शब्द टाळून 'गुणविशेष' म्हणतो आणि ते उंचीसारखे मोजतो. उंच आणि बुटके असे दोन प्रकार नसतात, बहुतेक माणसे मधल्या उंचीची असतात. चिंताप्रवणता नावाच्या गुणविशेषावर ज्यांचे गुण जास्त येतात, त्यांच्यात केस किंवा कातडे ओढण्याचे चाळे काहीसे अधिक आढळतात, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. हा कल आहे, चौकट नव्हे. सोळा प्रकारांची जी प्रसिद्ध चाचणी खाजगी कंपन्यांत वापरली जाते, ती काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकारच बदलतो, कारण मधोमध असलेल्या माणसाला एका गुणाने इकडचा किंवा तिकडचा ठरवलेले असते.

विडी घरकुल

मी येथे सहसा वाचत असते, लिहीत नाही. पण हा धागा वाचून माझ्या आईबद्दल लिहावेसे वाटले.

माझ्या आईने ३० वर्षांहून अधिक काळ विड्या वळल्या. कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा आणायचा, पाने भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची, मापाचा पत्रा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, तोंड मुडपायचे, दोरा बांधायचा, आणि हे दिवसाला हजार वेळा. सहा वर्षांपूर्वी पाठीमुळे तिने हे काम सोडले. आता ती दूरदर्शन संचासमोर किंवा दवाखान्याच्या बाकावर बसली की पदराचे टोक डाव्या हातात धरते, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने त्याची बारीक सुरळी वळते, आणि सुरळी पूर्ण झाली की नखाने तिचे टोक आत मुडपते. मग ती सुरळी सोडून देते आणि पुन्हा तीच वळते. तिच्या प्रत्येक लुगड्याच्या पदराचा कोपरा यामुळे विरला आहे. ज्यांनी तिला कधी काम करताना पाहिले नाही असे एक डॉक्टर मला म्हणाले, 'आई फार घाबरट दिसतात, सारखा पदर चिवडतात.' माझी आई घाबरट नाही. वडील गेल्यानंतर तिने त्याच दोन बोटांवर तीन मुलांचे शिक्षण केले आहे.

आमच्या गल्लीत एक तेलुगू काका आहेत, जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात माग चालवला. ते बोलत बसले की त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत असतात, तुटलेली दोन टोके जोडताना घासावीत तशी. समोरच्याच्या सदऱ्याला सुटा धागा दिसला तर बोलणे न थांबवता त्याची गाठ मारून मोकळे होतात. चाळ्यावरून काही ओळखता येत असेल तर माणसाने पोट कशावर भरले ते ओळखता येते, एवढेच मला ठाऊक आहे.

निवृत्त प्राध्यापिका

ताई, इतकी वर्षे मी हा विषय शिकवला, पण एवढे नेमके उदाहरण मला वर्गात कधी देता आले नाही. आपण सगळे येथे दोन प्रश्न एकत्र करत होतो, ते तुमच्या लिहिण्यामुळे वेगळे झाले. हात चालवण्याची ओढ केव्हा लागते हा एक प्रश्न, आणि लागल्यावर हात कोणता आकार घेतो हा दुसरा. ओढ कंटाळ्याने, वैतागाने, थांबून राहण्याने लागते आणि तिच्यात स्वभावाचा थोडाफार वाटा असतो. आकार मात्र हाताला जे येते त्याचा होतो. प्रशिक्षकांच्या चारही चौकटी आकाराच्या होत्या, आणि स्वभावाशी ज्याचा संबंध सर्वांत कमी तेच त्यांनी मोजले.

गड्ड्यातला पाळणा

पाय हलवण्याबद्दल एक सावधगिरीची सूचना, कारण आमच्या घरी याची किंमत मोजून झाली आहे. माझ्या पत्नीला रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पायांत काहीतरी सरपटल्यासारखे होत असे आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसे. उठून चार पावले चालले की बरे वाटे, पडले की पुन्हा तेच. दोन वर्षे आम्ही सर्वांनी, त्यात मीही आलो, तिला 'तू काळजी फार करतेस' असे ऐकवले. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा शरीरातील लोहाचा साठा फार कमी निघाला, आणि उपचारांनंतर काही महिन्यांत पाय शांत झाले. या विकाराचे सविस्तर वर्णन कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम या स्वीडिश डॉक्टरने १९४५ मध्ये केले होते, आणि लोहाच्या कमतरतेशी त्याचा संबंध वैद्यकात चांगला परिचित आहे. दिवसा खुर्चीत बसून पाय हलवणे निराळे आणि हे निराळे, हे मान्य. तरी आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणे इतके नेहमीचे आहे की स्वभावाचा निवाडा करण्याआधी एक रक्ततपासणी करावी, असे मी आता सगळ्यांना सांगतो.

तर्कट

आता माझ्याच बाजूविरुद्ध एक शंका. शिबिरात आमचे रोखपाल साहेब ज्या खोलीत अर्धा तास बसले, त्याच खोलीत इतरही बसले होते. कंटाळा सर्वांना सारखाच. मग काहींनीच का कुरतडले? परिस्थिती सर्व काही ठरवते असे म्हणणे हे प्रकार पाडण्याइतकेच सोपे उत्तर नाही का?

निवृत्त प्राध्यापिका

शंका रास्त आहे. माणसामाणसांत फरक आहेच, आणि तो सगळा शिकलेलाही नाही. मारिओ कपेकी यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये दाखवले की 'हॉक्सबी८' हे एकच जनुक निकामी केलेले उंदीर स्वतःला इतके चाटत राहतात की अंगावर टक्कल पडते, आणि पिंजऱ्यातल्या इतर उंदरांनाही ते चाटून चाटून केस घालवायला लावतात. माणसात इतके सरळ काही सापडलेले नाही, पण असे चाळे कुटुंबांतून चालत येतात हे दिसते.

तेव्हा माझे म्हणणे 'स्वभाव नाही' असे नसून 'एका अर्ध्या तासावरून नाही' असे आहे. मिशेल यांना सीमोर एपस्टाइन यांनी १९७९ मध्ये याच मुद्द्यावर उत्तर दिले होते. एका दिवसाचे वागणे दुसऱ्या दिवसाच्या वागण्याशी फारसे जुळत नाही, परंतु अनेक दिवसांची सरासरी घेतली तर माणसाची म्हणून एक स्थिर रेघ दिसू लागते. रोखपाल साहेबांना माझी विनंती आहे की त्यांनी तीन आठवडे एक तक्ता ठेवावा. अंगठ्याकडे बोट गेले की वेळ आणि त्या क्षणी काय चालले होते एवढेच लिहावे. दुसऱ्याने मागे उभे राहून घेतलेल्या टिपणापेक्षा ते अधिक उपयोगाचे ठरेल.

रोखपाल

मॅडमच्या सांगण्याप्रमाणे तक्ता ठेवला. सुट्ट्या वगळून १६ दिवसांच्या नोंदी झाल्या. रोजमेळाच्या मागच्या कोऱ्या पानांवर उभ्या रेघा मारत गेलो आणि पाचव्या रेघेला आडवी काट, आम्ही सुटी नाणी मोजताना मारतो तशी.

निकालाने माझाच गैरसमज दूर झाला. माझी समजूत अशी होती की गर्दीच्या वेळी, रांग दारापर्यंत गेली की मी कातडे ओढतो. सकाळी ११ ते १ या गर्दीच्या वेळेत १६ दिवसांत मिळून दोन रेघा आहेत. हात रिकामेच नसतात. सर्वांत जास्त रेघा दुपारी चारनंतरच्या आहेत, खिडकी बंद झाल्यावर, रोख जुळलेली असताना, संगणकावर दिवसअखेरची प्रक्रिया संपण्याची वाट पाहत बसावे लागते तेव्हाच्या. त्या वेळी मला जागा सोडता येत नाही आणि करायलाही काही नसते. त्याखालोखाल रेघा दूरध्वनी कानाला लावून वाट पाहतानाच्या आहेत.

नवव्या दिवशी रोखीत ५०० रुपये कमी आले. पुडकी पुन्हा सोडली, पावत्या पुन्हा लावल्या, शेवटी दोन कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटून मोजल्या गेल्या होत्या ते सापडले. या सगळ्याला तासाभराहून जास्त वेळ गेला आणि त्या तासात एकही रेघ नाही. माझ्या कागदावर जो माणूस ताण पेलू शकत नाही, त्याचा अंगठा वर्षातल्या सर्वांत वाईट तासाला सुरक्षित होता.

आणखी एक गोष्ट लक्षात आली ती अशी की ओढ लागण्यापूर्वी बोट कातड्यावरून फिरते आणि काही खडबडीत लागते का ते शोधते. गुळगुळीत असेल तर पुष्कळदा परत फिरते. विडी घरकुल ताईंचे वाचल्यापासून मला असे वाटते की हे नोटांमुळे असावे. दुमडलेला कोपरा, चिकटवलेली फाटकी नोट, हे अंगठ्याने चाचपून ओळखण्याचेच काम मी १९ वर्षे करतो आहे.

शेंगाचटणी

म्हणजे अंगठा घरी आल्यावरही कामावरच असतो. आता हा चाळा सुटावा अशी तुमची इच्छा आहे का, की तसेच चालू द्यायचे? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आमची आजी याही बाबतीत म्हणत असे.

निवृत्त प्राध्यापिका

आजींच्या म्हणीला एक अपवाद नोंदवते. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये नखे कुरतडण्यासारख्या सवयी असलेल्या १२ जणांवर वापरलेली पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे ती याच कामासाठी सर्वांत रुळलेली पद्धत ठरली. तिच्यातली पहिली पायरी धागाकर्त्यांनी आपसूक पूर्ण केली आहे, ती म्हणजे बोट केव्हा निघते ते ओळखणे. दुसरी पायरी, बोट निघाले की त्याच स्नायूंना दुसरे काम देणे, उदाहरणार्थ मूठ हलकेच आवळून एक ते तीन मिनिटे तशीच धरणे. तिसरी, घरच्या किंवा शेजारच्या टेबलावरच्या एखाद्या माणसाने टोमणा न मारता आठवण करून देणे. यात तुमचा स्वभाव कोणत्या चौकटीतला आहे हे कोणीही विचारत नाही. जखमा वारंवार चिघळत असतील, केसांत टक्कल पडत असेल किंवा लपवण्यापायी लोकांत जाणे टळत असेल, तर मात्र तज्ज्ञाकडे जावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

विडी घरकुल

आईला मी जुन्या चादरीच्या कडेचा एक हातभर तुकडा शिवून दिला आहे. आता पदराऐवजी तो वळते. सोडवायचे काही कारण मला दिसत नाही.

रोखपाल

सर्वांचे आभार. संगणकाची वाट पाहण्याच्या वेळेत मी आता फाटक्या नोटा वेगळ्या काढून त्यांची यादी करण्याचे काम घेतले आहे. अंगठ्यावर चारनंतर रबरी टोपी चढवतो, त्यामुळे बोट गेले तरी खडबडीत काही लागत नाही. पूर्ण सुटलेले नाही, रेघा निम्म्याच्या आत आल्या आहेत.

फायलीतला कागद काढून टाकावा असा अर्ज मी व्यवस्थापकांना दिला होता. तो नामंजूर झाला, कारण शिबिराचा खर्च संचालक मंडळाने मंजूर केलेला आहे आणि त्याचे कागद लेखापरीक्षणाला लागतील असे ते म्हणाले. माझे १६ दिवसांचे तक्ते त्याच कागदाच्या पाठीमागे लावण्यास मात्र त्यांनी हरकत घेतली नाही. काल मीच भोके पाडून ते लावले आणि पानांना क्रमांक घातले.